गोळीला रोजची जागा द्या

"भाऊ, खोकला गेला, भूक लागते. मग गोळ्या कशाला?" आमच्या वस्तीतला बिगारी काम करणारा एक तरुण मला विचारत होता. क्षयरोगाचे औषध सुरू होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. तो कामावर जाऊ लागला आणि गोळ्या फळीवरच राहिल्या. काही महिन्यांनी खोकला परतला, या वेळी रक्त घेऊन. पुन्हा तपासणी, पुन्हा पहिल्यापासून उपचार, आणि मजुरी बुडाली ती वेगळीच.

वाचकहो, त्याला नावे ठेवून काय उपयोग? दुखणे असते तोवर दुखणेच गोळीची आठवण देते. दुखणे थांबले की आठवण देणारे कोणी उरत नाही. तिथे सवयच कामी येते.

साध्या क्षयरोगाचा उपचार बहुधा 6 महिन्यांचा असतो. पहिले 2 महिने चार औषधे, पुढचे 4 महिने तीन. खोकला काही आठवड्यांत कमी होतो, पण संथपणे वाढणारे जंतू शरीरात दडून असतात. औषध मध्येच सोडले की ते पुन्हा डोके वर काढतात आणि त्याच औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. सरकारी उपचारात पूर्वी आठवड्यातून तीनच दिवस गोळ्या असत. 2017 पासून देशभर रोज दिल्या जाऊ लागल्या. रोजचे काम अंगवळणी लवकर पडते, हा त्यातला आपला फायदा.

हे घरी जमते का? जमते. मद्रासमध्ये 1956 साली सुरू झालेल्या अभ्यासात गरीब वस्तीतल्या रुग्णांना घरीच औषध दिले गेले. त्यांचा गुण आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णांच्या जवळपास बरोबरीचा आला.

सवय कशी लावावी? गोळी रोजच्या एखाद्या कामाला बांधा. सकाळी नळाचे पाणी भरून झाले की गोळ्या. पाळी बदलत असेल तर उठून तोंड धुतल्यावर. पाकिटाची जागा एकच ठेवा, पण मुलांच्या हाताला लागेल अशी नको. मी कारकून माणूस. नोंदीवर माझा विश्वास. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गोळी घेतल्यावरच त्या तारखेवर खूण करा. गावी जाताना गोळ्या आधी पिशवीत, कपडे नंतर.

एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळ्या घेऊ नका; आरोग्य केंद्रात सांगा. लघवी लालसर झाली तर घाबरू नका, तो औषधाचा रंग. पण डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

त्या तरुणाच्या घरी दुसऱ्या खेपेला खुणा करायचे काम त्याच्या चौथीतल्या मुलीने घेतले. एकही तारीख कोरी राहिली नाही. आज तो कामावर आहे.

आपल्या घरातली दिनदर्शिका एकदा पाहा. कोणाची तारीख कोरी तर नाही ना?