होडी म्हणा की दोणी, आधी सांधे तपासा!

आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. हैदराबादला आल्यापासून माझी तिथली फेरी सहसा चुकत नाही. परवा मात्र कादंबऱ्या सोडून मी इंजिनदुरुस्तीची पुस्तके शोधत होते. कारण कारवारच्या भावाने तलावात चालणारी जुनी ॲल्युमिनियमची मोटरबोट घेतली आहे. आई तिला होडी म्हणते, वहिनी दोणी. भावाला ती समुद्रात मासेमारीला न्यायची आहे.

ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबूस गंज चढत नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण खाऱ्या पाण्यात तांबे, पितळ किंवा स्टील त्याला टेकले, की बॅटरीसारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते. तळाशी पडलेली तांब्याची तारही त्याला पुरते. म्हणूनच अशा बोटीला तांबेयुक्त रंग लावू नये. स्टीलच्या बोल्टखाली प्लास्टिकचे वॉशर घालावेत. बुडाला जस्ताचा तुकडा बसवावा. आधी तो झिजतो आणि बोट वाचते.

रिवेट ढिले आहेत का, हे पाहायची युक्ती सोपी आहे. बोट जमिनीवर भक्कम टेकू देऊन ठेवावी, आत थोडे पाणी भरावे आणि बाहेर जिथे ओल दिसेल तिथे खडूने खूण करावी. समुद्रावरून परतल्यावर बोट आणि इंजिन दोन्ही गोड्या पाण्याने धुवावीत.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. दुरुस्तीला तोच काळ सोयीचा. भावाला मी एवढेच कळवले आहे : तिच्यात आपलीच माणसे बसणार आहेत. रंग नंतर, आधी सांधे!