आधी कागद मागा

शस्त्रक्रियेसाठी आपल्यापैकी बरेच जण इंदूरहून पुण्या-मुंबईला जातात. तिथे हलगर्जी झाली, तर ‘खेटे कोण घालणार?’ म्हणून गप्प बसतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षे.

खरी अडचण पुराव्याची. निष्काळजीपणा रुग्णाने सिद्ध करायचा, आणि डॉक्टरविरुद्ध मत द्यायला दुसरा डॉक्टर सहसा तयार होत नाही. म्हणून केसपेपर, अहवाल, संमतीपत्र यांच्या प्रती लेखी मागा आणि पोच घ्या. (बँकेत आयुष्य गेले, पोच नसलेला अर्ज मी अर्ज मानत नाही.) वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. सगळ्यांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही.