झोपेत दात खाणे : उपाय कोणता बरा?

संतापलेला माणूस दातओठ खातो, असे आपण म्हणतो. झोपेत दात खाणाऱ्याला मात्र त्याचा पत्ताही नसतो. पत्ता लागतो तो शेजारी झोपणाऱ्यांना. लालबागच्या चाळीत आम्ही सहाजण एका खोलीत झोपतो, त्यामुळे वडिलांची ही सवय सर्वांना ठाऊक. आजीने जंतांचे औषध देऊन पाहिले. आवाज थांबला नाही. पुढे सकाळी त्यांचा जबडा दुखू लागला. एका दवाखान्यात सगळ्या दाढा घासून टोप्या बसवण्याचा सल्ला मिळाला. खर्चाचा आकडा ऐकून घर गप्प झाले. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, तेव्हा वाचून पाहण्याचे काम माझ्याकडे आले.

कानापुढे जबड्याचा सांधा असतो व त्यात एक लहानशी चकती असते. ती जागची सरकली की ‘कट’ असा आवाज होतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर बहुधा उपचार लागत नाहीत. दात खाण्यामागे मानसिक ताण, तंबाखू, दारू, अति चहा-कॉफी, काही औषधे अशी कारणे असू शकतात.

आता उपाय पाहू. रात्री दातांवर बसवायची अॅक्रिलिकची पट्टी झीज वाचवते, सवय मोडत नाही. बोटॉक्सच्या सुईने स्नायूंचा जोर घटतो, पण काही महिन्यांत परिणाम ओसरतो. २०२३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्याविषयी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांचा भर जबड्याचे व्यायाम, आखडलेले स्नायू हाताने मोकळे करणे आणि ताण हाताळायला शिकणे यांवर आहे. पट्टी व सुई यांबाबत त्या हात आखडता घेतात. घासलेली दाढ तर पुन्हा उगवत नाही. म्हणून वडिलांच्या दाढांना आम्ही हात लावू दिला नाही.

एक इशारा मात्र हवा. तोंड कमी उघडते ते दर वेळी सांध्यामुळेच असे नाही. सुपारी-गुटख्याने गालाची आतली त्वचा ताठरते. ते दुखणे वेगळे, आणि पुढे कर्करोगाकडे नेऊ शकणारे. अशा वेळी व्यायाम करीत न बसता मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय गाठावे.

खाण्या-गिळण्याव्यतिरिक्त ओठ मिटलेले आणि दात सुटे असावेत, हा नियम फुकटचा आहे. परीक्षेच्या दिवसांत, वाचकहो, आपले दात एकदा तपासून पाहा!