जुन्या औषधाची नवी घडण

बोर्निओच्या अरण्यातील थोडी माती एका मिशनऱ्याने अमेरिकेस पाठविली. तीतील सूक्ष्मजीवापासून एलाय लिली कंपनीच्या संशोधकांनी जे द्रव्य मिळविले, तेच व्हँकोमायसिन. १९५८ साली अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली आणि पुढे इतर औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर ते डॉक्टरांचा अखेरचा आधार ठरले.

जंतूच्या पेशीभोवती एक भक्कम भिंत असते. ती ज्या साखळ्यांनी विणली जाते, त्यांच्या टोकाशी ॲलॅनिन या अमिनो आम्लाचे दोन दुवे असतात. व्हँकोमायसिन हे टोक घट्ट पकडते. मग भिंतीचे काम अडते आणि जंतू मरतो.

परंतु १९८८ साली युरोपातून एक चिंताजनक वृत्त प्रसिद्ध झाले. आतड्यात राहणारे एंटेरोकॉकस जंतू या औषधाला जुमानीनासे झाले होते. त्यांनी शेवटच्या ॲलॅनिनच्या जागी लॅक्टिक आम्लाचा दुवा बसविला होता. बदल एका अणूएवढा. पण त्यामुळे औषधाची पकड सुमारे हजारपटीने ढिली झाली.

अशा वेळी सर्वस्वी नवे औषध शोधावे, की जुन्याचीच घडण सुधारावी? अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेत डेल बोगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी व्हँकोमायसिनच्या रेणूतील एका ऑक्सिजनच्या जागी दोन हायड्रोजन बसविले. तेव्हा तो जुने व नवे अशी दोन्ही टोके पकडू लागला. पुढे आणखी दोन फेरफार झाले : एकाने भिंत रचणाऱ्या विकराला अडविले, दुसऱ्याने जंतूच्या आतील पटलास गळती लावली.

हे तिहेरी औषध २०१७ साली जाहीर झाले. एका वारातून निसटणारा जंतूही उरलेल्या दोहोंत सापडतो. प्रयोगशाळेत ५० फेऱ्यांनंतरही त्याचा प्रभाव फारसा ओसरला नाही. मात्र त्याच्या निर्मितीस रासायनिक क्रियांचे सुमारे ३० टप्पे लागले. आणि प्रयोगशाळेतील यश म्हणजे रुग्णाच्या उशाशी आलेले औषध नव्हे.

शिवाय प्रतिकार वाढविण्यात माणसाचाही हात असतो. युरोपात पशूंची वाढ व्हावी म्हणून त्यांच्या खाद्यात व्हँकोमायसिनचे भावंड ॲव्होपार्सिन मिसळले जाई. त्यातून प्रतिकारक्षम जंतू पोसले गेल्याचे दिसून आल्यावर १९९७ साली युरोपीय संघाने त्यावर बंदी घातली. साध्या सर्दीपडशावर प्रतिजैविकाचा उपयोग नसतो, कारण ती विषाणूंमुळे होते. तरीही ते मागून घेणारा मनुष्य जंतूंनाच नवी विद्या शिकवीत असतो. रसायनशास्त्रज्ञ शस्त्राला नवी धार लावतील. ती जपून वापरणे मात्र सर्वांच्याच हाती आहे.