आभासी यंत्रावर लिनक्सचा सराव

ज्याच्या घरी संगणक आहे, तो मुलगा त्यावर चुका करीत शिकतो. वसतिगृहातील मुलाला चुकण्यास यंत्रच नसते. शाळेच्या संगणकाविषयी त्याच्या कानी पडते ते ‘हात लावू नकोस, बिघडेल’ एवढेच. यंत्रे मोजकी असताना ही ताकीद निराधार म्हणता येत नाही. लोटे येथील रासायनिक कारखान्यांतही चालू संयंत्राची झडप नवख्याच्या हाती कोण देईल? परंतु संगणक सांभाळण्याची विद्या तो बिघडविल्यावाचून येत नाही. ही कोंडी आभासी यंत्राने सुटते.

आभासी यंत्र म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ साली जाहीर केलेली व्हीएम/३७० ही प्रणाली एकच अवाढव्य यंत्र अनेकांत वाटून प्रत्येकास स्वतंत्र यंत्राचा अनुभव देत असे. यंत्र महाग आणि वापरणारे अनेक, ही त्या काळची अडचण आपल्या संगणक कक्षात आजही आहे.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेले लिनक्स विनामूल्य मिळते. सी-डॅक या भारतीय संस्थेची ‘बॉस’ ही प्रणालीही लिनक्सच्याच डेबियन या शाखेवर आधारलेली आहे. आठ जीबी रॅमच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स घ्यावे, आभासी यंत्रास दोन जीबी रॅम व पंचवीस जीबी डिस्क द्यावी आणि त्यात डेबियन बसवावे. लगेच ‘स्नॅपशॉट’ घ्यावा, म्हणजे पुढे काहीही बिघडले तरी यंत्र त्या स्थितीत परत आणता येते.

पहिला सराव अधिकारांचा असावा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालविण्याचा १ असा हिशेब आहे. फाइलला ६४० दिले की मालक वाचतो व लिहितो, गट केवळ वाचतो, इतरांना काहीच नाही. दुसऱ्या वापरकर्त्याला त्या गटात घातल्यावरही फाइल उघडत नाही, तेव्हा नवशिका गोंधळतो. गटाचे सदस्यत्व पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होते. ‘रूट’ या सर्वाधिकाऱ्याला ही बंधने अडवीत नाहीत, म्हणूनच नित्याचे काम त्या नावाने करू नये.

त्यानंतर ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये अस्तित्वात नसलेल्या डिस्कची ओळ मुद्दाम घालून यंत्र पुन्हा सुरू करावे. ते अर्ध्यावर अडते. ‘जर्नलसीटीएल’ने नोंदी वाचून चूक शोधावी आणि ती ओळ काढावी. लगेच स्नॅपशॉटकडे धावणारा विद्यार्थी काहीच शिकत नाही, असे माझे मत आहे.

स्नॅपशॉट ही सुरक्षित प्रत नव्हे, हेही ध्यानी असावे. तो मूळ संगणकाच्याच डिस्कवर राहतो; डिस्क गेली की दोन्ही जातात. पावसाळ्यात वीज कधीही जाते, तेव्हा आभासी यंत्राची एक प्रत ‘एक्स्पोर्ट’ करून बाहेरच्या डिस्कवर ठेवावी.