नवरा अमेरिकन, संसार दुबईत: बायकोच्या व्हिसाची फाईल नेमकी कुठे अडते?

मुलगा अमेरिकन नागरिक आहे म्हटलं की लग्न ठरतानाच घरात हिशेब सुरू होतात. बेळगावात काय, मडगावात काय आणि बडोद्यात काय, समज एकच: लग्न झालं की ग्रीन कार्ड आलंच. आता यात एक नवा प्रकार वाढला आहे. मुलगा अमेरिकेत जन्मलेला किंवा तिथलं नागरिकत्व घेतलेला, पण नोकरी दुबईत, सिंगापूरला नाहीतर बंगळुरूत. लग्नानंतर दोघांचा संसारही तिथेच. दोन-चार वर्षांनी अमेरिकेला परतायचं ठरतं आणि ओळखीपाळखीतला पहिला सल्ला येतो, ‘तू आधी पुढे जा, नोकरी धर, मग बायकोला बोलावून घे.’

या सल्ल्यापायी कित्येक जोडपी वर्ष-दीड वर्ष वेगळी राहतात. नवरा न्यू जर्सीत भाड्याच्या खोलीत, बायको तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी. कायद्याला मात्र ही ताटातूट लागतच नाही. नवऱ्यानं बायकोच्या आधी किंवा फार तर तिच्यासोबत त्याच विमानानं अमेरिकेत पोचावं, एवढंच नियम सांगतो. अट एकच, परत जाण्याचा इरादा खरा आहे हे कागदावर दिसलं पाहिजे. फाईल अडते ती बहुधा इथेच. लग्न खरं आहे की खोटं, हा प्रश्न परदेशात एका घरात राहणाऱ्या जोडप्याला तुलनेनं सोपा जातो.

अर्ज परदेशातूनही करता येतो

सुरुवात होते आय-१३० या अर्जानं. तो बायको करत नाही, अमेरिकन नागरिक असलेला जोडीदार करतो. (नागरिक बायको असेल आणि नवरा भारतीय, तरी नियम तेच.) त्यासाठी अमेरिकेत राहत असण्याची गरज नाही; दुबईत बसून ऑनलाइन भरता येतो. एप्रिल २०२४ मध्ये लागू झालेल्या दरानुसार ऑनलाइन अर्जाची फी ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाची ६७५ डॉलर. हे दर बदलत असतात, त्यामुळे भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर एकदा बघून घेतलेलं बरं.

हा अर्ज मंजूर व्हायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो, बहुतेकदा वर्षाच्या आसपास किंवा त्याहून अधिक. मंजुरीनंतर फाईल राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. तिथे व्हिसा अर्जाचे ३२५ आणि आर्थिक हमीच्या छाननीचे १२० डॉलर भरायचे, बायकोनं डीएस-२६० हा ऑनलाइन फॉर्म भरायचा, दोघांचे दाखले अपलोड करायचे. सगळं जुळलं की मुलाखतीची तारीख. नोव्हेंबर २०२५ पासून मुलाखत अर्जदार राहते त्या देशात किंवा तिचं नागरिकत्व असलेल्या देशात द्यायची, असा नियम आहे. म्हणजे दुबईत राहणाऱ्या बेळगावच्या मुलीसाठी अबुधाबी किंवा मुंबई.

पूर्ण टपाली वळसा टाळून थेट वकिलातीत आय-१३० देण्याची सोयही आहे, पण ती अपवाद म्हणून. त्यातला एक अपवाद परदेशस्थ जोडप्यांना कामाचा आहे. नागरिक जोडीदाराला कंपनीनं अचानक अमेरिकेत बदली दिली किंवा तिथली नोकरी मिळाली आणि रुजू व्हायला फार थोडा अवधी असला, तर वकिलात असा अर्ज घेऊ शकते. घेईलच असं नाही. आणि ‘आम्हाला लवकर जायचंय’ हे कारण त्यात बसत नाही.

‘डोमिसाईल’ म्हणजे तहसीलदाराचा दाखला नव्हे

आता मूळ दुखणं. व्हिसाच्या टप्प्यावर नागरिक जोडीदाराला आय-८६४ नावाचं हमीपत्र द्यावं लागतं. बायको सरकारी मदतीवर अवलंबून राहणार नाही, अशी ही हमी. ती देणाऱ्याचा अधिवास, म्हणजे डोमिसाईल, अमेरिकेत असावा लागतो. आपल्याकडे डोमिसाईल म्हटलं की तलाठी, तहसील आणि शिक्का डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत असा एखादा दाखला मिळत नाही. मुख्य घर अमेरिकेत आहे किंवा बायको तिथे उतरेल त्या दिवसापर्यंत ते होणार आहे, हे अनेक छोट्या कागदांतून दिसावं लागतं. निव्वळ अमेरिकन पासपोर्ट दाखवून भागत नाही.

अमेरिकन कंपनीनंच तात्पुरतं दुबईला पाठवलं असेल, तिथलं घर-बँक-मतदान सगळं चालू असेल, तर अधिवास मोडलाच नाही असं म्हणता येतं. पण जो दहा वर्षांपूर्वी सगळं आवरून बाहेर पडला, त्यानं परतीची तयारी दाखवायला हवी: तिथलं बँक खातं, नोकरीसाठी केलेले अर्ज आणि आलेली उत्तरं, घरभाड्याची बोलणी, मुलाच्या शाळाप्रवेशाची चौकशी, सामान हलवणाऱ्या कंपनीचं दरपत्रक. सुरुवातीला आई-वडिलांकडे किंवा भावाकडे उतरणार असाल तर त्यांचं तसं पत्र आणि त्यांच्या घराचा पुरावा. यातला एकेक कागद किरकोळ वाटतो. सहा-आठ एकत्र आले की चित्र उभं राहतं. म्हणून ही तयारी मुलाखतीच्या आदल्या महिन्यात करण्यापेक्षा आय-१३० भरल्यापासून हळूहळू करत जावी. तारखा पसरलेल्या असल्या की इरादा मुलाखतीपुरता वाटत नाही.

इथे पेच असा की, व्हिसा हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका, तिकीट काढू नका, असं अमेरिकेचं परराष्ट्र खातंच सांगतं. मग नोकरी न सोडता परतीचा इरादा दाखवायचा कसा? वरचे कागद याचसाठी. राजीनामा द्यायची गरज नाही, दुबईचं घर रिकामं करायची नाही. अधिकाऱ्याला योजना पटली नाही तर अर्ज कलम २२१(जी) खाली थांबवला जातो, म्हणजे मागितलेले कागद देईपर्यंत फाईल तिथेच. तो कायमचा नकार नसतो, पण त्यातही महिने जातात.

दुबईचा पगार मोजतात का?

बहुतेकदा नाही. हमीपत्रात उत्पन्न दाखवायचं ते अमेरिकेत गेल्यावरही त्याच मालकाकडून चालू राहणारं. दुबईची नोकरी सोडून जायचं असेल तर तिथला पगार कितीही मोठा असो, हिशेबात येत नाही. कंपनीनं अमेरिकेतून काम करायची परवानगी लेखी दिली असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या नव्या नोकरीचं ऑफर लेटर हाती असेल तर तेही जोडावं.

लागणारी रक्कम मात्र फार मोठी नाही. अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे दोघांच्या कुटुंबाला वर्षाला २६,४३७ डॉलर. मुलं असली की वाढते. उत्पन्न दाखवता येत नसेल तर मालमत्ता चालते, पण तुटीच्या तिप्पट. म्हणजे उत्पन्न शून्य धरलं तर दोघांसाठी ७९,३११ डॉलरची बचत, ठेवी, शेअर किंवा वर्षभरात विकून रोख करता येईल अशी मालमत्ता. बायकोच्या नावावरची मालमत्ताही धरतात. इंदूरचा फ्लॅट दाखवता येतो, मात्र मूल्यांकन आणि बोजा नसल्याचे कागद लागतात. चार भावांत सामायिक असलेला वाडा कागदावर लाखांचा असला तरी अधिकाऱ्याच्या दृष्टीनं वर्षात विकला जाणं कठीण.

तिसरा मार्ग म्हणजे सहहमीदार. अमेरिकेत राहणारा कोणताही सज्ञान नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक चालतो, नातं असलंच पाहिजे असं नाही. मराठी घरांत ही वेळ आली की मामाला फोन जातो, ‘मामा, फक्त एक सही हवी होती.’ ती फक्त सही नसते. भाची अमेरिकन नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या नावे साधारण दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत मामा कायद्यानं बांधला जातो. भाचीचा घटस्फोट झाला तरी सुटत नाही. त्याला हे आधी सांगणं सभ्यपणाचं आहे. आणि मामा कितीही श्रीमंत असला तरी नवऱ्याच्या अधिवासाची अट त्याच्या सहीनं भरून निघत नाही. ती नवऱ्यालाच पूर्ण करावी लागते. अनेकांचा नेमका इथे घोटाळा होतो.

करविवरणाचंही तसंच. अमेरिकन नागरिक जगात कुठेही राहो, ठरावीक मर्यादेपलीकडे कमाई असली तर त्याला दरवर्षी विवरण भरावं लागतं. परदेशातल्या पगारावर सूट मिळून कर शून्य निघाला, तरी भरणं सुटत नाही. ‘दुबईत टॅक्स नाही’ म्हणून गेली पाच वर्षं काहीच भरलं नसेल, तर हमीपत्रासोबत विवरण मागितल्यावर तोंडचं पाणी पळतं. राहिलेली विवरणं आधी भरून मोकळं व्हावं.

दाखले: सीमेवरच्या घरांची खास अडचण

मंगल कार्यालयाचा किंवा देवळाचा दाखला चालत नाही. विवाहनोंदणीचं सरकारी प्रमाणपत्रच लागतं. गोव्यात नोंदणीसाठी दोन टप्प्यांत सह्या होतात. पहिली सही करून परदेशी निघून गेलेल्यांचं लग्न कागदावर अर्धवटच राहतं.

त्याहून चिवट प्रश्न नावाचा. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, पासपोर्ट इंग्रजीत. आणि तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग वेगळं. कर्नाटकच्या कागदावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, बडोद्याच्या कागदावर नावापुढे ‘बेन’, लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. ही एकच व्यक्ती आहे हे आपल्याला सहज कळतं, अमेरिकन अधिकाऱ्याला कळेलच असं नाही. दुरुस्ती होत असेल तर मूळ दाखल्यात करून घ्यावी, नाहीतर सर्व नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं. जन्माची नोंदच सापडत नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा सरकारी दाखला आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला यांसारखे दुय्यम पुरावे. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण भाषांतर हवं, आणि ते अचूक असल्याचं भाषांतरकारानं सहीनिशी लिहून द्यायचं.

पोलिस दाखला फक्त भारताचा पुरत नाही. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर बायको ज्या दुसऱ्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिली, त्या प्रत्येक देशाचा लागतो. सध्या राहते तिथला सहा महिन्यांच्या मुक्कामानंतरच. मस्कतला दोन वर्षं नोकरी केली असेल तर ओमानचाही. देश सोडल्यावर तो मिळवणं जिकिरीचं, त्यामुळे तिथून निघण्याआधीच काढून ठेवलेला चांगला. परदेशात असताना भारताचा दाखला तिथल्या भारतीय दूतावासामार्फत मिळतो.

मुलं आणि तारखा

परदेशात जन्मलेल्या बाळासाठी व्हिसाचा अर्ज करण्याआधी एक तपासावं. नागरिक पालक बाळाच्या जन्माआधी एकूण पाच वर्षं, त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतर, अमेरिकेत राहिलेला असेल, तर लग्नाच्या जोडप्याचं हे बाळ जन्मतःच अमेरिकन नागरिक असतं. त्याला व्हिसा नको, वकिलातीत जन्माची नोंद आणि पासपोर्ट हवा. बायकोला आधीच्या लग्नाचं मूल असेल तर मात्र त्याच्यासाठी वेगळा आय-१३० भरावा लागतो. आईच्या फाईलवर ते जात नाही.

व्हिसा मिळाल्यावर प्रवासाची मुदत सहसा सहा महिन्यांची असते. अमेरिकेत पाऊल टाकण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर कार्ड दोन वर्षांचंच आणि सशर्त मिळतं. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत अटी काढण्याचा अर्ज दोघांनी मिळून करायचा. लग्नाचा दुसरा वाढदिवस जवळ आला असेल आणि व्हिसाची मुदत परवानगी देत असेल, तर तो उलटल्यावर उतरणाऱ्याला थेट दहा वर्षांचं कार्ड मिळतं. पण कार्डाचा शिक्का घेऊन पुन्हा दुबईला संसाराला परतायचा बेत असेल, तर अर्ज इतक्यात करूच नये. ग्रीन कार्ड अमेरिकेत राहण्यासाठी असतं, आणि सलग वर्षभर बाहेर राहिलेल्या बायकोला विमानतळावर पहिला प्रश्न तोच विचारतात.