ओस्लोचे पत्र : खटला जिंकला, पाती फिरतातच

इथल्या संसदेसमोर, शहराच्या हमरस्त्यालगत, 1979 साली सामी तरुणांनी आपला 'लाव्हू' नावाचा तंबू ठोकला आणि उपोषण आरंभले. सामी हे उत्तरेकडचे मूळ रहिवासी. त्यांचा विरोध आल्टा नदीवरच्या धरणाला होता. ते सर्वोच्च न्यायालयात हरले, धरण झाले. पण त्या हरलेल्या लढ्यातूनच 1989 मध्ये सामींची स्वतःची संसद उभी राहिली.

आता जिंकलेल्या लढ्याची गोष्ट. ट्रॉनहाइमच्या पलीकडे फोसेन द्वीपकल्प आहे. तिथल्या रोआन आणि स्टोरहेया या पठारांवर 151 पवनचक्क्या आहेत. दक्षिणेकडच्या सामी कुटुंबांची ही रेनडियरची हिवाळी कुरणे. यात घर कोणाचे गेले नाही, गाव बुडाले नाही; आपला 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द इथे तोकडा पडतो. जमीन जागच्या जागी आहे, फक्त फिरत्या पात्यांना बिचकून जनावर तिकडे फिरकत नाही.

परवाना 2010 चा. गुराख्यांचा दावा कोर्टात पडून असतानाच कंपन्यांना जागेचा आगाऊ ताबा मिळाला. काम थांबवा, असे संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने 2018 मध्ये सांगितले, तेही सरकारने मनावर घेतले नाही. खालच्या कोर्टाने तोडगा काढला होता: सुमारे 9 कोटी क्रोनर घ्या आणि जनावरांना हिवाळ्यात दावणीला चारा घाला. ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींनी एकमताने तो फेटाळला. कळप घेऊन हिंडणे ही सामींची संस्कृती आहे, नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या 27 व्या कलमाने तिला संरक्षण आहे, सबब परवाने अवैध. चक्क्या पाडा, असे मात्र निकालात कुठेच नव्हते. सरकारने नेमकी तीच फट धरली. स्टोरहेयाच्या कंपनीत सरकारी स्टाटक्राफ्टचाच मोठा वाटा, हेही विसरून चालणार नाही.

निकालाला 500 दिवस झाले तेव्हा, फेब्रुवारी 2023 मध्ये, सामी तरुण ऊर्जामंत्रालयात ठाण मांडून बसले. अंगात पारंपरिक 'गाक्ती', पण उलटी घातलेली. त्यांच्यात निषेधाची ही जुनी खूण. ग्रेटा थुनबर्गही येऊन बसली. हवामानासाठी शाळा सोडणारी मुलगी पवनचक्क्यांविरुद्ध! अनेक नॉर्वेजियनांना हे कोडे पडले. मला पडले नाही: वीज हिरवी असली म्हणून बळकावलेले कुरण परत मिळत नाही. ऊर्जामंत्र्यांनी माफी मागितली. पाती फिरतच राहिली.

अखेर सरकारने राष्ट्रीय मध्यस्थाला बोलावले. एरवी हा गृहस्थ मालक आणि कामगार संघटनांचे वेतनाचे तंटे मिटवतो. डिसेंबर 2023 मध्ये दक्षिण फोसेनच्या गुराख्यांशी समझोता झाला, मार्च 2024 मध्ये उत्तरेच्या. कंपन्या दोन्ही गटांना 25 वर्षे दरसाल सुमारे 70 लाख क्रोनर देणार. मुदत संपल्यावर चक्क्या पुढे चालू ठेवायच्या की नाही, यावर सामींना नकाराधिकार.

इथले लोक याला शहाणपणाची तडजोड म्हणतात. वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवून थकलेल्या कुटुंबांनी सही केली, यात मला दोष दिसत नाही. पण मंत्रालयात बसलेल्या तरुणांपैकी अनेकांना ती पचलेली नाही. आज कळपामागे चालायला शिकणारे सामी मूल तो नकाराधिकार वापरायला मिळेपर्यंत तिशीकडे झुकलेले असेल.